सांताक्रूझचा आकडा आणि भांडुपचा पोटमाळा

मुंबईचं तापमान म्हणून बातम्यांत जो आकडा येतो तो सांताक्रूझचा असतो, फार तर जोडीला कुलाब्याचा. मी मुलुंडला राहते. सांताक्रूझचं केंद्र विमानतळाच्या मोकळ्या परिसरात, समुद्रही फार लांब नाही. आमच्याकडे एका अंगाला नॅशनल पार्कचे डोंगर, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि ठाण्याची खाडी, आणि मधे इमारतींची दाटी. समुद्राचा वारा अख्खं शहर ओलांडून दमूनभागून आमच्यापर्यंत येतो. टीव्हीवर ३४ आणि घरात मात्र अंगाची काहिली, हे दर उन्हाळ्याचं. त्यावर कुरकुर करून झाली की आपण कामाला लागतो.

मी त्या कुरकुरीपलीकडे गेले ते नागपूरच्या आत्यामुळे. मे महिन्यात ती राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "आमच्याकडे ४५ असतं गं, पण सावलीत गेलं की जीव येतो. तुमच्याकडे पंख्याखाली बसून पदर पिळायचा का?" मग तिने विचारलं, कूलर का घेत नाहीस. नवरा म्हणाला, मुंबईत कूलर चालत नाही. का चालत नाही, हे मात्र आमच्यापैकी कुणालाच धड सांगता येईना. मी अकाउंट्समध्ये काम करते. हिशेब लागला नाही की मला झोप येत नाही.

हिशेब लागला तो ओल्या थर्मामीटरपाशी. थर्मामीटरच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळली आणि त्यावर वारा घातला की पाणी उडतं, पारा उतरतो आणि एका जागी थांबतो. तो थांबतो तिथे वेट बल्ब तापमान. पाणी उडवून गारवा मिळवायचा तर त्या आकड्याच्या खाली जाता येत नाही, मग कूलर कितीही महागाचा असो. नागपुरात ४५ अंश आणि आर्द्रता १० टक्के असेल, तर वेट बल्ब साधारण २१ येतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के असेल, तर २८ च्या वर. म्हणजे आत्याच्या वाळ्याच्या ताट्यांना खाली उतरायला भरपूर जागा आहे आणि आमच्या कूलरला जेमतेम चार-पाच अंश, तीही खोलीत आणखी दमटपणा भरून. घामाचंही तेच. घाम येण्याने गारवा मिळत नाही, तो उडण्याने मिळतो. आत्या बरोबर होती. १२ अंश कमी असूनही मुंबई तिला जड जात होती याला कारण होतं.

त्यानंतर वाचत गेले. वेट बल्ब ३५ झाला की सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसलेला धडधाकट माणूसही उष्णता बाहेर टाकू शकत नाही, अशी मर्यादा २०१० साली एका शोधनिबंधात मांडली गेली होती. पुढे अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांना प्रत्यक्ष गरम खोलीत बसवून हलकी हालचाल करायला लावली, तेव्हा दमट हवेत ही मर्यादा ३१ च्या आसपासच आली. म्हाताऱ्यांचं आणि आजाऱ्यांचं त्याहून अलीकडे. मुंबईचा २८ त्या पट्ट्यापासून फार लांब नाही, हे वाचून जरा दचकायला झालं.

हवामानाचं वेड असलेल्या लोकांचा एक गट मला एका ओळखीतून सापडला. गिरगाव, चेंबूर, दहिसर, डोंबिवली असे सगळीकडचे लोक, कुणी इंजिनिअर, कुणी कॉलेजात, एक जण मेडिकलचं दुकान चालवणारे. गिरगावचे काका त्यांच्यातले जुने. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, वहीत रोज सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदी करणारे, कारण हवामान खात्याच्या नोंदींच्या वेळा त्याच. पहिल्याच भेटीत त्यांनी मला कुलाबा वेधशाळेची गोष्ट सांगितली. वेधशाळा १८२६ सालची. तिथे पृथ्वीचं चुंबकत्वही मोजत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेने मापनात गडबड होईल म्हणून चुंबकीय वेधशाळा थेट अलिबागला नेली. "म्हणून सांगतो," काका म्हणाले, "आकडा मागाहून. यंत्र कुठे ठेवलंय ते आधी बघायचं."

यंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा लॅमिंग्टन रोडला गेले. तिथे तापमान आणि आर्द्रता मोजणारा स्वस्तातला डीएचटी-२२ सेन्सर कुठल्याही दुकानात मिळतो, पण गटातल्या सगळ्यांनी एसएचटी-३१ घ्यायला सांगितलं. दमट हवेत महिनोन्‌महिने राहिल्यावर स्वस्त सेन्सरचा आर्द्रतेचा आकडा हळूहळू सरकतो. मुंबईत तर तो कायम दमट हवेतच राहणार. प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेचं सामान मिळतं, तिथून काचेचे दोन थर्मामीटर आणले. एक सुका, एक ओला. इलेक्ट्रॉनिक यंत्र खोटं बोलतंय का, हे बघायला हे जुनं साधन फार कामाचं. मलमल स्वच्छ हवी आणि पाणी डिस्टिल्ड हवं. नळाच्या पाण्याने क्षार साचून कापड कडक होतं आणि पाणी नीट चढत नाही.

मिठाची चाचणी मला सगळ्यात आवडली. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, चार थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूइतपत भिजवायचं, विरघळू द्यायचं नाही. ते आणि सेन्सर एका घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करून रात्रभर ठेवायचं. डब्यातल्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन स्थिरावते, आणि आपल्या नेहमीच्या तापमानांत हा आकडा जवळजवळ हलत नाही. सकाळी सेन्सर ७८ दाखवत असेल तर तीन वजा करायचे. इतकी बिनचूक तपासणी स्वयंपाकघरातल्या मिठाने होते याचं मला अजून अप्रूप आहे. सासूबाईंना मात्र पोहे ठेवायचा डबा गेल्याचं दुःख जास्त होतं.

आता जागा. थर्मामीटरला ऊन लागता कामा नये आणि वारा मात्र खेळता हवा. वेधशाळांमध्ये यासाठी झडपांची पांढरी लाकडी पेटी असते, दीपगृहं बांधणारे स्कॉटिश अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी. आम्ही हौशी लोक कुंडीखाली ठेवायच्या पांढऱ्या बशा उलट्या करून, मधे फटी ठेवून, एकावर एक रचतो आणि आत सेन्सर टांगतो. गच्चीत लावलं तर स्लॅबची धग लागते. बाल्कनीत लावलं तर भिंतीची धग आणि शेजारच्या एसीचा गरम झोत. मोकळ्या, गवताच्या जमिनीवर माणसाच्या छातीच्या आसपासच्या उंचीवर लावायचं, हा नियम मुंबईच्या सोसायटीत पाळायचा म्हणजे गंमतच. शेवटी पंप रूमच्या मागे, जिथे थोडी उघडी माती आहे, ती जागा मागितली.

कमिटीने अर्ज दोन बैठका लोंबकळत ठेवला. यात कॅमेरा आहे का, हा ॲंटेना आहे का, वीज कुणाच्या मीटरची, आणि सगळ्यांना परवानगी द्यावी लागली तर? एका सभासदाने हे भाडेतत्त्वावर द्यावं असं सुचवलं. अखेर सेक्रेटरी साहेब म्हणाले, "वहिनी, लावा, पण पावसाळ्यात शॉक लागला तर जबाबदारी तुमची." पाच व्होल्टवर चालणारं यंत्र आहे हे त्यांना मी सांगितलं नाही. परवानगी मिळाली की वाद घालू नये.

यंत्र चालू झालं ते फेब्रुवारीच्या शेवटी, आणि मार्चमध्येच ते पैसे वसूल करून गेलं. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसले. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी वारा पूर्वेकडून, जमिनीवरून येत असतो, कोरडा आणि तापलेला. दुपारच्या आत समुद्राकडचा खारा वारा सुटला तर तापमानाला लगाम बसतो. तो अडला, दुपार उलटेपर्यंत आलाच नाही, तर मुंबई चाळिशीच्या दिशेने धावते. सांताक्रूझचा एप्रिलमधला विक्रम ४२.२ अंशांचा, १४ एप्रिल १९५२ चा. १६ एप्रिल २०२४ ला तिथे ३९.७ नोंदवलं गेलं. अशा दिवसांचं गणित मुख्यतः वाऱ्याच्या घड्याळावर चालतं.

मार्चमधल्या अशा एका दिवशी आमच्या पंप रूममागे साडेबाराला ३६ अंश होते आणि आर्द्रता फक्त २० टक्के. दोन वाजून गेल्यावर अशोकाची झाडं पश्चिमेकडून हलायला लागली. आलेखात तापमानाची रेघ कड्यावरून उतरावी तशी खाली आली, ३३. गटात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मीही. पण आर्द्रता ६० वर गेली होती. हिशेब केला तर वेट बल्ब २० वरून जवळजवळ २७ वर चढलेला. मोबाइलवर ‘फील्स लाइक’ म्हणून जो आकडा दिसतो, त्याच्यासारख्या उष्मा निर्देशांकानेही ३५ च्या आसपासवरून ३९ च्या पुढे उडी मारली. तापमान तीन अंशांनी उतरलं आणि उकाडा वाढला. ऑफिसात हे सांगितलं तेव्हा कुणाला पटेना. पण त्या दुपारी साडेबाराला मी उन्हातून पोस्टात जाऊन आले होते आणि ब्लाउज कोरडा होता. चारला घरात बसून भिजला.

त्या दिवसापासून मी आर्द्रतेच्या टक्केवारीकडे बघणं जवळजवळ सोडलं. टक्केवारी तापमानाबरोबर वरखाली होत राहते. हवेत तितकीच वाफ असली तरी पहाटे ८५ आणि दुपारी ५५ दिसते. गटातले लोक ड्यू पॉइंट बघतात, म्हणजे दवबिंदू: हवा ज्या तापमानापर्यंत थंड केली की दव धरायला लागतं, तो आकडा. हवेतली वाफ तेवढीच राहिली तर तो हलत नाही. पूर्वेचा वारा असताना आमच्याकडे तो दहाच्या खाली जातो, खारा वारा आला की २४, आणि मेच्या मध्यावर २६-२७ ला ठाण मांडून बसतो. त्याला वर जायला मर्यादाही आहे. ही वाफ येते अरबी समुद्रावरून, आणि किनाऱ्याजवळचं पाणी एप्रिल-मेमध्ये २९-३० अंशांच्या आसपास असतं; दवबिंदू सहसा त्याच्या वर जात नाही. म्हणून कुणी ‘आज ३४ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता’ असं पाठवलं की काका एका ओळीत उत्तर देतात: "मग दवबिंदू ३१. समुद्र उकळतोय का?" बहुतेक वेळा त्यात दुपारचं कमाल तापमान आणि सकाळची आर्द्रता एकत्र बांधलेली असते. त्यावरून निर्देशांक काढला की पन्नाशीच्या पुढचा आकडा येतो आणि तो व्हॉट्सॲपवर फिरतो.

माझं गटाशी एका गोष्टीवरून अजून वाजतं. किनारी केंद्रांसाठी उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान निदान ३७ हवं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश वर हवं. मैदानी भागासाठी पहिला आकडा ४०. या कसोटीवर मुंबईची लाट येते ती बहुधा मार्च-एप्रिलच्या त्या कोरड्या दिवसांत. गटातले तरुण त्या दिवसांची वाट बघतात. चाळीस होणार का यावर पैजा लागतात, दर दहा मिनिटांनी आकडे येतात. मेमध्ये पारा ३४ च्या वर सरकत नाही, आणि गट थंडावतो. मला हे उलटं वाटतं. हवामान खातं कोकणासाठी ‘उष्ण व दमट’ असा वेगळा इशारा देतं, तो याच दिवसांसाठी. पण त्यात विक्रम नसतो, म्हणून त्याची बातमीही लहान. आकड्यांच्या शर्यतीत मेची ती चिकट, सपाट रेघ कुणाला बघवत नाही. माणसं मात्र त्या रेघेत राहतात.

उष्मा निर्देशांकातही एक मेख आहे. तो सावलीतला, मंद वाऱ्यातला, चालत्या धडधाकट माणसाचा आकडा. अमेरिकन हवामान सेवेच्या म्हणण्याप्रमाणे थेट उन्हात त्यात आठेक अंशांची भर पडू शकते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात लोक भर उन्हात बसून होते. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेल्याची सरकारी नोंद आहे. त्या दिवसांबद्दल बोलताना चेंबूरचा इंजिनिअर मुलगा म्हणाला की सावलीतलं तापमान सांगून आपण अर्धंच सांगतो. त्याने टेबल टेनिसच्या बॉलला मॅट काळा रंग दिला, आत सेन्सर बसवला आणि तो उन्हात टांगला. मूळ पद्धतीत तांब्याचा मोठा काळा गोळा असतो, हा त्याचा गरिबाघरचा भाऊ. ओल्या थर्मामीटरचे सात भाग, काळ्या गोळ्याचे दोन आणि साध्या हवेचा एक, असं मिळवून जो आकडा येतो तो मैदानावर काम करणाऱ्यांसाठी आणि सैन्यात वापरतात. त्यात सर्वांत जास्त वजन ओल्या थर्मामीटरला आहे, हे मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

मेमध्ये मी रात्रीच्या नोंदी काढायला लागले. पहाटे पाचला पंप रूममागे २९ आणि ८५ टक्के. सांताक्रूझचं किमान त्याहून कमी असे. इमारतींनी दिवसभर शोषलेली धग रात्री बाहेर पडत राहते, आणि हवेतली वाफ ती वर आकाशात जाऊ देत नाही. पण हे झालं बाहेरचं. घरांच्या आत काय, हा प्रश्न आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींमुळे पुढे आला. त्या भांडुपला टेकडीवर राहतात. खाली खोली, वर पत्र्याखाली पोटमाळा; मुलगा आणि सून माळ्यावर झोपतात. सकाळी आल्या की डोळे लाल. मी त्यांना नोंदी साठवणारं छोटं यंत्र दिलं, काडेपेटीहून जरा मोठं. "वहिनी, याला चार्जिंग लागतं का?" एवढंच त्यांनी विचारलं.

आठवड्याने यंत्र परत आलं. पोटमाळ्यावर दुपारी ४३ च्या वर, ते अपेक्षित होतं. मी थबकले ती रात्री दहाच्या ओळींवर: ३३ अंश आणि ७० टक्के, रोज थोड्याफार फरकाने तेच. आत्याला समजावताना भर दुपारच्या मुंबईसाठी मी जी जोडी घेतली होती, ती इथे झोपायच्या वेळची होती. वेट बल्ब २८ च्या वर, आणि पहाटे तीनपर्यंत त्यात फारसा उतार नाही. दुपारी ऊन तापतं तेव्हा निदान सून कामावर असते. रात्री जायचं कुठे?

मावशींकडे उपाय होता, त्या दर वर्षी करतात: पत्र्यावर गोणपाट पसरून दुपारी पाणी मारायचं. त्या वर्षी पाण्याची टंचाई म्हणून केलं नव्हतं. मी म्हटलं, एक आठवडा करून बघा, पाण्याचं आपण बघू. माळ्यावरचा दुपारचा कळस चारेक अंशांनी खाली आला आणि रात्री दहाचं तापमान ३१ च्या आसपास. पाणी पत्र्याच्या बाहेर उडतं, त्यामुळे आतली वाफ वाढत नाही. शेजारच्या घरात खोलीतच ओल्या चादरी टांगत; तिथे तापमान थोडं उतरलं, पण दवबिंदू चढला आणि वेट बल्ब होता तिथेच राहिला. म्हणजे कूलरचाच किस्सा. मावशींनी शेजारणीला ते दुसऱ्याच दिवशी सांगितलं, माझ्यापेक्षा फार कमी शब्दांत.

पत्र्याला पांढरा रंग दिला तर पाण्याची गरज निम्म्यावर येते का, हे बघायचं राहिलं. २६ मे २०२५ ला पाऊस मुंबईत दाखल झाला, नेहमीच्या ११ जूनच्या कितीतरी आधी, आणि नोंदी तिथेच थांबल्या. पावसाळ्यात सेन्सर शंभरावर अडकून बसतात. ते काढून सिलिकाच्या पुड्यांसकट डब्यात घालावे लागतात. ऑक्टोबरच्या उकाड्याआधी सगळ्यांची मिठाची चाचणी करायची आहे. गटाने वर्गणी काढून मावशींना दिलं तशी आणखी यंत्रं घेतली आहेत. मुलुंड ते विक्रोळी पट्ट्यात कुणाचा पत्र्याखालचा माळा असेल, एक पत्रा रंगवून शेजारचा तसाच ठेवायची तयारी असेल, तर ती द्यायची आहेत. रंगाचा डबा आम्ही आणू, शिडी मात्र तुमची.